गरुडताईची टाच

"नमस्कार कुणाला केलास?"

भोंग्यातून हा प्रश्न आला तेव्हा मी जमिनीपासून पंचवीस फुटांवर होते. पाठीला छत्रीच्या कापडाचे पंख होते आणि ते उघडायची दोरी दातांत धरलेली होती. त्यामुळे उत्तर देता येईना.

"शोभना, मी तुला विचारतोय. गरुडताई कपटी कालकूटाचा मनोरा पाडायला आली आहे. ती त्याच मनोऱ्याच्या पाया पडून वर कशी चढेल?"

मी दोरी सोडली. पंख फटकन उघडले आणि वाऱ्यानं मला खांबाभोवती अर्धा वळसा दिला.

"चुकून झालं साहेब. सवय हाय."

"कसली सवय?"

"खांबाला हात लावून, कपाळाला लावून मगच चढायची."

खाली तगारेसाहेबांनी टोपी काढून जमिनीवर आपटली. ते आमचे दिग्दर्शक. अंगानं किरकोळ, पण भोंगा हातात आला की उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा आवेश यायचा. त्यांनी पुन्हा चढायला सांगितलं असतं, पण कॅमेरावाल्यानं आकाशाकडं बोट दाखवलं. ऊन गेलं होतं आणि भाड्यानं आणलेला कॅमेरा सकाळच्या गाडीनं पुण्याला परत जायचा होता. तो शॉट नमस्कारासकट तसाच ठेवला.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. 'गरुडताई' ही मुलांची मालिका दर रविवारी सकाळी वीस मिनिटं टीव्हीवर लागायची. ती आमच्या कोल्हापुरात, गावाबाहेरच्या एका पडीक स्टुडिओत तयार होत होती. गरुडताई एरवी शाळेच्या वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारणारी साधी बाई. संकट आलं की कपाटामागं जायची आणि मुखवटा घालून, पंख लावून बाहेर यायची. शिक्के मारायचं आणि बोलायचं काम मुंबईच्या नीलांबरी सामंत करायच्या. बाई दिसायला देखणी, बोलणं मधाळ, पण स्टुलावर उभं केलं तरी त्यांना घेरी येई. म्हणून कपाटामागून बाहेर येणारी मी होते.

पंख बाबूराव शिंप्यानं छत्र्या उसवून केले होते. मुखवटा चपला शिवणाऱ्या कारागिराकडून कातड्याचा करून घेतला होता. बुटांनी मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. गरुडताईला गुडघ्यापर्यंत लाल बूट हवेत असा तगारेसाहेबांचा हट्ट, आणि बूट घालून खांबावर पायांची अढी बसत नाही असं माझं म्हणणं. शेवटी बाबूरावांनी तोडगा काढला. जिथं नीलांबरीताई असतील तिथं खरे बूट, आणि जिथं मी असेन तिथं माझ्या पायांना गुडघ्यापर्यंत लाल रंग. कृष्णधवल टीव्हीवर फरक कळत नसे. रंगीत टीव्ही आमच्या गल्लीत एकच होता आणि त्यांच्याकडं जायला आईची परवानगी नव्हती.

मला तिथं वाक्य एकही नव्हतं. मी पाठमोरीच असायची. तोंड दिसलं असतं तरी मुखवटा होता, आणि बोलले असते तर पंचाईत होती. आम्ही कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दलही 'जातो, येतो'च म्हणतो. तगारेसाहेब म्हणायचे, ही बोलली तर मुलांना वाटेल गरुडदादा आला.

मी एकवीस वर्षांची होते आणि त्यातली बारा वर्षं मल्लखांबावर गेली होती. मला शिकवलं नाना शिरगावकरांनी. नाना पाणीपुरवठा खात्यात फिटर होते. पहाटे गावाच्या झडपा सोडायच्या आणि मग व्यायामशाळेत यायचं, असा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता. त्या काळी मुलींनी दोरीचा मल्लखांब करावा असा रिवाज होता. जमिनीत पुरलेला सागवानी खांब पोरांचा. नानांनी मला नवव्या वर्षी त्या खांबावर चढवलं, तेव्हा समितीतले चार जण राजीनामा द्यायला निघाले. नाना म्हणाले, द्या. कुणी दिला नाही.

मालिकेचं विचारणं आलं तेव्हा मी भीत भीत नानांना सांगितलं. त्यांनी हो-नाही काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सायकल मारत स्टुडिओत आले. मनोरा म्हणून पुरलेला खांब त्यांनी दोन्ही हातांनी हलवून बघितला, सुताराला बोलावून दोन जागी तासून घेतला, स्वतः एरंडेल चोळलं आणि बुडाशी नारळ फोडला.

"कर," ते मला म्हणाले. "पण खांब कुठंबी पुरला तरी खांबच. पाया पडून चढायचं. तेवढं झालं की बाकी तुझं तू आणि तुझा साहेब."

तर तो नमस्कार असा. जित्याची खोड म्हणा नाहीतर नानांचा शब्द म्हणा.

तो भाग दाखवला गेला आणि तिसऱ्या आठवड्यापासून पत्रं यायला लागली. तगारेसाहेब ती आम्हाला वाचून दाखवत. चंद्रपूरच्या एका आईनं लिहिलं होतं की मुलगा शाळेत जाताना वाटेतल्या प्रत्येक विजेच्या खांबाला हात लावून कपाळाला लावतो, त्यामुळं रोज घंटा चुकते. पैठणच्या एका मुलीनं विचारलं होतं, गरुडताई भिंतीला पण नमस्कार करते का, की फक्त खांबाला? आमच्याच गल्लीत पोरं जिना चढायच्या आधी कठड्याच्या पाया पडायला लागली. टोपी आपटणारे तगारेसाहेब आता म्हणायला लागले की नमस्काराची कल्पना त्यांना फार आधीपासून होती. नीलांबरीताईंकडूनही तो जवळून घेतला गेला. त्या दोन्ही हात जोडत, मी एक हात लावत असे. पण मुलांनी ते चालवून घेतलं.

नानांकडं टीव्ही नव्हता. त्यांनी तो भाग व्यायामशाळेच्या चिटणिसांच्या घरी, दारात उभं राहून बघितला, हे मला दुसऱ्याकडून कळलं. सोमवारी ते माझ्याजवळ आले. माझ्या पायांना लावायचं तेल हातावर ओतता ओतता म्हणाले, "बरं झालं."

नाना कधी कुणाला चांगलं म्हणत नसत. राज्यस्पर्धेत माझा पहिला नंबर आला तेव्हा ते म्हणाले होते, उतरताना गुडघा हलला. 'बरं झालं' या दोन शब्दांवर मी आठ दिवस हवेत होते. आईनं विचारलंसुद्धा, लग्नबिग्न ठरवून आलीस काय?

आता माझ्या मनात काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मला माझं नाव हवं होतं. मालिकेच्या सुरुवातीला सगळ्यांची नावं यायची. बाबूरावाचं यायचं, चहा देणाऱ्या कंत्राटदाराचंही यायचं, माझं नाही. तगारेसाहेबांचं म्हणणं असं की गरुडताई एकच आहे असं मुलांना वाटलं पाहिजे. ते पटण्यासारखं होतं, आणि मला पटत नव्हतं. मावशीकडच्या हळदीकुंकवाला आई बोलून गेली की ती उडणारी आमची शोभना. तर एक बाई म्हणाली, "मुखवटा घातलेली कुणीबी असंल की. कशावरनं तुझीच?" आई कुंकू लावून घेऊन उठली. घरी येऊन तिनं मला विचारलं, "तूच हाईस न्हवं?" तिला शंका नव्हती, तरी तिनं विचारलं. ते मला फार लागलं.

मी तगारेसाहेबांना तीनदा नावाचं विचारलं होतं. तिन्ही वेळा त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला कलाकाराचा त्याग समजावून सांगितला.

दिवाळीनंतर त्यांनी मला आपणहून बोलावलं. नीलांबरीताई तिथंच बसून भडंग खात होत्या.

"मालिकेचं नवीन शीर्षक करतोय," तगारेसाहेब म्हणाले. "दर रविवारी हेच लागणार. जोरदार पाहिजे. तो नमस्कार ठीक होता, पण जरा मऊ पडतो. आता गरुडताई येते, खांबासमोर उभी राहते आणि टाचेनं त्याला एक ठोकर मारते. ठण्ण. ठिणगी उडते, आणि त्या ठोकरीच्या जोरावर सरसर वर. ताईंचा बूट जवळून घेतला आहे. तुझी पाठमोरी ठोकर आणि चढणं घ्यायचं."

मी माझ्या टाचांकडं बघितलं.

"काय झालं?"

"खांबाला लाथ?"

"लाथ नाही गं. ठोकर. स्टार्टर समज."

नीलांबरीताईंनी भडंगाचा कागद बाजूला ठेवला. "तुमच्यात हे चालत नसेल ना, शोभना?" त्या म्हणाल्या. "तू नको म्हण. मी सांगते ह्यांना, मलाच आवडलं नाही म्हणून. माझं ऐकतील ते."

त्या तसं सांगणार होत्या आणि साहेब त्यांचं ऐकतही असत. हे इथं मुद्दाम लिहिते. बाईंनी मला वाट करून दिली होती.

तगारेसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. हुशार माणूस होता. "आणि शीर्षकात तुझं नाव टाकायचं म्हणतोय," ते म्हणाले. "साहसदृश्ये, शोभना नलवडे. एकटीचं. पडदाभर."

लोक मला विचारतात की अशा वेळी मनात वादळ वगैरे उठतं का. मला उठल्याचं आठवत नाही. मी एवढंच विचारलं, "ठळक अक्षरात का?"

"ठळक."

"राहू दे ताई," मी नीलांबरीताईंना म्हटलं. "लाकूडच हाय की ते."

बाईंनी पुन्हा भडंग खायला घेतलं. तगारेसाहेबांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं असं पुढं आई म्हणायची. पण त्यांनी हात दिला, चढले मीच.

शॉट दुसऱ्या दिवशी सकाळी होता. कॅमेरा लागायच्या आधी, दिवे जमवायची गडबड चालू असताना मी खांबाजवळ गेले, कुणी बघत नाही असं बघून हात लावला, कपाळाला लावला, छातीला लावला. म्हणजे पाया पडून झालं, आता पुढचं ते नाटक, अशी मी मनाची समजूत घातली. पहिल्या वेळी टाच नीट लागली नाही. दुसऱ्या वेळी पंख अडकला. तिसऱ्या वेळी सगळं जमलं आणि तगारेसाहेब "ओके" म्हणाले.

"साहेब, परत एकदा घेऊ," मी म्हणाले. "आवाज पाहिजे तसा आला न्हाई."

आवाज नंतर भरतात हे मला माहीत होतं. तरी म्हणाले. चौथ्या वेळी टाच अशी बसली की खांब बुडापासून घुमला आणि तासलेल्या जागेवर लाल रंगाचा डाग उमटला. चौथाच शॉट पुढं वापरला गेला.

रविवार येईपर्यंत मी गावभर सांगत फिरले. मावशीला सांगितलं, त्या हळदीकुंकवाच्या बाईलाही निरोप पाठवला. व्यायामशाळेत सांगितलं तेव्हा मुलींनी एवढा कालवा केला की चिटणिसांनी आपला टीव्ही हातगाडीवर घालून तिथं आणायचं कबूल केलं. नानांनाही मीच म्हणाले, "नाना, ह्या रविवारी माझं नाव येणार हाय. तुम्ही पायजेच."

"येतो की," नाना म्हणाले. "झडप सोडून येतो."

मला ठोकरीची आठवण नव्हती असं नाही. ती होती. पण मला वाटलं, नावाच्या भरात ती निघून जाईल. शीर्षक मी तोवर पाहिलं नव्हतं. नाव कुठं येणार ते मला ठाऊक नव्हतं.

आखाड्याच्या कडेला टेबलावर टीव्ही ठेवला होता. वीस-बावीस मुली मातीत मांडी घालून बसल्या. माझी आई नवं लुगडं नेसून आली होती. नाना मुलींच्या मागं, मातीतच बसले. हाताला अजून झडपेचं ग्रीस होतं.

संगीत सुरू झालं. आकाश दिसलं, मग वाचनालय, कपाट. नीलांबरीताईंचा चेहरा, त्यांचं नाव. मग पाठमोरी मी, पंख मिटलेले, समोर खांब. मी पाय मागं घेतला, टाच खांबावर बसली, ठण्ण असा आवाज झाला आणि चित्र तिथंच थांबलं. तगारेसाहेबांना थांबलेल्या चित्राचा भारी सोस होता. टाच खांबाला लागलेली, ठिणगी उडालेली, आणि बरोबर तिच्यावर पांढरी ठळक अक्षरं आली. साहसदृश्ये, शोभना नलवडे.

मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. आई रडायला लागली. ती अक्षरं चार-पाच सेकंद राहिली असतील. मुखवटा होता तोवर ती ठोकर नीलांबरीताईंची होती, तगारेसाहेबांची होती, कुणाचीही होती. आता ती कुणाची ते वाचता येत होतं. मी मागं वळून बघितलं नाही. मला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी नाव खरंच सुंदर दिसतंय असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

नानांनी पूर्ण भाग बघितला. संपल्यावर उठले, धोतराची माती झटकली.

"ठळक आलंय नाव," ते म्हणाले, आणि आईला नमस्कार करून सायकलवर बसून गेले.

आई वाटेत म्हणाली, "बघितलंस? नाना खूश झाले."

मी रात्री जेवले, झोपलेही. सोमवारी उजाडताना नेहमीसारखी व्यायामशाळेत गेले. मनात ठरवलं होतं की गेल्या गेल्या नानांचे पाय धरायचे, म्हणायचं, चुकलं. ते दोन थोबाडीत देतील, महिनाभर दोरीवर पाठवतील आणि मग सगळं पहिल्यासारखं होईल. नानांच्या शिक्षा मला पाठ होत्या. त्यांची भीती वाटत नव्हती.

नाना खांबाशी उभे होते, एका हातात एरंडेलाची वाटी. मुली रांगेत होत्या. मी दारातच चपला काढत होते, तेवढ्यात रांगेतली पहिली मुलगी पुढं झाली. वैजयंता कोरे, आठ वर्षांची, खांबावर येऊन तिला चारच महिने झाले होते. ती खांबासमोर उभी राहिली, पाय मागं घेतला आणि खांबाला टाच मारली. लहानग्या पायाची, पण चांगली बसली. मग ती वर चढली नाही. तिनं मला दारात पाहिलं होतं.

"शोभाताई," ती म्हणाली, "अशीच न्हवं?"

रांगेतल्या सगळ्या मुली माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांच्या मागून नानाही. त्यांचा तेलाचा हात तसाच वर राहिला होता. ते रागावलेले नव्हते. ते वाट बघत होते. त्यांच्या तोंडावर मला जे दिसलं ते असं होतं, की आता ही नाही म्हणेल. म्हणेल, ते नाटकातलं, इथं पाया पडायचं. त्यांना ते माझ्याकडून ऐकायचं होतं. बारा वर्षांत त्यांनी माझ्याकडून एवढंच मागितलं असेल.

वैजू एका पायावर उभी होती. तिचे डोळे चमकत होते. तिच्या दृष्टीनं टीव्हीतून बाहेर आलेली गरुडताई दारात चपला काढत होती. मुखवटा नसताना, माझ्या चेहऱ्याकडं बघून मला कुणी गरुडताई समजल्याची ती पहिली वेळ.

"हां," मी म्हणाले. "अशीच. टाच जरा वर पायजे."

वैजूनं टाच जरा वर मारली. मग तिच्या मागच्या मुलीनं मारली, मग तिच्या मागच्या.

नानांनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि हात पंच्याला पुसले. आमच्या व्यायामशाळेत एक लोखंडी खुर्ची होती. ती आतल्या खोलीत, तसबिरींच्या खाली असायची. आमदार आले, स्पर्धेचे पंच आले, कुणाचे सासरे आले तर ती बाहेर निघायची. व्यायामशाळेतलं कुणी कधी तिच्यावर बसलं नाही. नाना स्वतः तीस वर्षं मातीत बसत आले होते.

"वैजू, आतली खुर्ची आण गं," नाना म्हणाले. "पाव्हण्या आल्यात. आणि कोपऱ्यावर च्या सांग, एक."

वैजू धावत गेली. दोन मुलींनी मिळून खुर्ची बाहेर आणली आणि आखाड्याच्या बाहेर, फरशीवर ठेवली. वैजूनं ती आपल्या फ्रॉकनं पुसली. माती आणि खुर्ची यांच्यात दोन हातांचं अंतर होतं. माझ्या पायात चपला नव्हत्या. मला फक्त मातीत उतरायचं होतं.

"बसा," नाना म्हणाले.

मी बसले.